बालवाडीतली नीती आणि पालकांशी नाते: गोव्यातल्या शिक्षिकांसाठी वर्षभराचे मार्गदर्शन

बालवाडीत येणारे मूल अडीच-तीन वर्षांचे असते. दिवसभरात आपल्याला काय झाले ते त्याला घरी नीट सांगता येत नाही. तक्रार करता येत नाही, बाई बदलून मागता येत नाही. त्याचे आईवडील दारातून मागे फिरतात आणि मधले तीन-चार तास त्यांच्या नजरेआड जातात. शिक्षणाच्या दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर मोठ्या माणसाच्या हाती इतकी सत्ता आणि त्यावर इतकी कमी नजर नसते. त्यामुळे बालवाडीची बाई किंवा अंगणवाडी सेविका कशी वागते, हा तिच्या स्वभावाचा प्रश्न राहत नाही. तो तिच्या व्यवसायाचा प्रश्न होतो.

डॉक्टरांना आणि वकिलांना लिखित आचारसंहिता असते. आपल्याकडे मात्र ‘मुलांची आवड आहे ना, मग झालं’ एवढ्यावर काम सोपवले जाते. आवड हवीच. पण नवरा-बायकोचे भांडण चालू असताना मूल कोणाच्या हाती द्यायचे, हे आवड सांगत नाही. असले प्रश्न नेमके साडेबाराला फाटकाशी उभे राहतात. स्कूटर चालू असते, पाऊस कोसळत असतो आणि उत्तर अर्ध्या मिनिटात द्यायचे असते. ते उत्तर त्याच क्षणी शोधू नका. कोणाचेही नाव-चेहरा समोर नसताना, डोके शांत असताना, ते आधीच ठरवून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हा एकच विचार आहे.

जूनमध्ये: एक पान लिहा

शाळा सुरू होण्याआधी मदतनीस, सहशिक्षिका आणि मुख्याध्यापिका यांच्यासोबत दोन तास बसा आणि तुमच्या बालवाडीसाठी एक पान लिहा. दहा पानांचे नियम कोणी वाचत नाही.

सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल, तर अमेरिकेतल्या बालशिक्षण क्षेत्राच्या राष्ट्रीय संघटनेने, एनएईवायसीने, 1989 साली स्वीकारलेल्या आचारसंहितेचा आराखडा उपयोगी पडतो. तिचे चार भाग आहेत: मुलांप्रति, कुटुंबांप्रति, सहकाऱ्यांप्रति आणि समाजाप्रति जबाबदाऱ्या. पहिले तत्त्व असे की मुलाला इजा होईल असे काहीही करायचे नाही, आणि हे तत्त्व संहितेतल्या बाकी सर्व तत्त्वांच्या वर आहे. तिथले सगळे इथे लागू करण्याची गरज नाही, पण हा क्रम मात्र उचलण्यासारखा आहे. आपल्या पानावर तो असा उतरवता येईल: आधी मुलाची सुरक्षा, मग कायदा, मग कुटुंबाचा मान आणि इच्छा, आणि शेवटी संस्थेची व आपली सोय. दोन गोष्टी एकमेकींना आडव्या आल्या की वरची पाळायची.

या क्रमामुळे आणखी एक गोष्ट सुटते. प्रत्येक अवघड प्रसंग हा नैतिक पेच नसतो. पुष्कळदा उत्तर आधीच ठरलेले असते, ते अमलात आणणे तेवढे कठीण जाते. मुलावर हात उगारायचा नाही, यात पेच कसला? शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. गोवा बाल कायदा 2003 त्याच्याही आधीचा, आणि शाळांतल्या शारीरिक शिक्षेवर त्यातही बंदी आहे. खरा पेच तिथे असतो, जिथे दोन्ही बाजूंना काहीतरी योग्य असते. असे प्रसंग थोडे असतात. विचाराची शक्ती त्यांच्यासाठी राखून ठेवा.

पहिली भेट: काय विचारायचे, काय नाही

प्रवेशाच्या वेळी मुलाची परीक्षा घेऊ नका. रंग ओळख, एबीसी म्हण, नाव सांग, असे काही नको. शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याचे कलम 13 मनाई करते. अनोळखी खोलीत गप्प बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाकडून फक्त त्याच्या भीतीची माहिती मिळते.

त्याऐवजी पालकांशी सावकाश बोला, जमल्यास त्यांच्या घरी जाऊन. जाण्याआधी विचारा, दारात अचानक उभे राहू नका. पडवीतच बसवले तर पडवीत बसा. घर बघायला आल्यासारखी नजर फिरवू नका. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या आईला ती नजर लगेच कळते.

विचारायच्या गोष्टी मुलाच्या दिवसाला धरून असाव्यात. घरात कोणकोण कुठली भाषा बोलते? रडायला लागले की कशाने शांत होते? शी-शू कशी सांगते, कुठल्या शब्दाने? काय खात नाही, कशाने अंगावर उठते, कधी झटके आलेत का? झोपवते कोण? आणि मूल वाढवण्यात घरातल्या कोणाचा शब्द शेवटचा?

गोव्यात हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वडील तारवटी असतात, सहा-सात महिने बोटीवर. आई आखातात किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला आणि मूल आजीपाशी, अशीही घरे आहेत. कळंगुट-बागाच्या हॉटेलात काम करणारी आई रात्री उशिरा घरी येते आणि सकाळी मुलाला सोडायला येते ती झोपेला आलेली असते. तिला पाहून ‘हिला मुलाची पर्वा नाही’ असा निष्कर्ष काढणे हा पहिला अन्याय. आजी सांभाळत असेल तर आजीला ‘पालक’ म्हणूनच वागवा. तिला खुर्ची द्या आणि मुलाबद्दलची गोष्ट तिलाच सांगा, ‘आईला सांगा हं’ म्हणून तिला निरोप्या करू नका. दूर असलेल्या आईबापांना आठवड्यातून एकदा दोन ओळींचा आवाजी संदेश पाठवता येतो. काय पाठवायचे, ते आजीच्या समोर ठरवा.

विचारू नये असेही बरेच आहे. फॉर्ममध्ये मागितलेले नसेल तर जात, पगार, कर्ज, नवरा-बायकोचे कसे चालले आहे, दुसरे मूल का नाही, हे प्रश्न नकोत. पालक आपणहून सांगतात तेव्हा ऐका, पण वहीत उतरवू नका. एक कसोटी लावा: ही माहिती कळल्याने उद्या सकाळी मुलाशी माझे वागणे अधिक चांगले होणार आहे का? नसेल तर ती आपली नाही.

मूल कोणाच्या हाती

प्रवेशाच्या दिवशीच, न्यायला येणाऱ्या माणसांची नावे, फोटो आणि फोन क्रमांक घ्या. चारपेक्षा जास्त नकोत. यादीबाहेरचा माणूस आला तर मूल द्यायचे नाही, तो सख्खा काका असला तरी. आधी फोन, पालकांचा होकार, वहीत नोंद, सही. हा नियम सगळ्यांना सारखा लावा. पंचाच्या मुलाला एक आणि मजुराच्या मुलाला दुसरा असे झाले की नियम संपला.

न्यायला आलेला माणूस प्यालेला असेल तर? भांडू नका, उपदेश करू नका. ‘जरा बसा, पाणी घ्या, मी वहिनींना फोन लावते’ असे म्हणून मुलाला आत खेळात गुंतवून ठेवा आणि यादीतल्या दुसऱ्या माणसाला बोलवा. मुलाला घेऊन तो दुचाकीवर बसणार असेल तर अडवणे हे तुमचे कामच आहे. न ऐकल्यास 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

आईवडील वेगळे झाले असतील, तर मुलाच्या ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश आहे का, ते विचारा आणि असल्यास त्याची प्रत ठेवा. आदेश नसेल तर एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला परस्पर नकार देऊ नका. दोघांना वेगवेगळे भेटा आणि लेखी काहीतरी ठरवून घ्या. एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. दोघेही तुम्हाला आपल्या बाजूला ओढतील. दोघांना एकच वाक्य सांगा: ‘मी तुमच्या मुलाची बाई आहे. तो इथे कसा आहे, ते तुम्हा दोघांनाही मी सारखेच सांगेन.’

फाटकावरची दोन मिनिटे, आणि व्हॉट्सॲप

पालकांशी नाते पालकसभेत जुळत नाही. ते रोजच्या दोन मिनिटांत जुळते. दर आठवड्याला प्रत्येक घराला मुलाबद्दल एकदा तरी नेमके काही सांगा. ‘छान आहे हं’ याला अर्थ नाही. ‘आज पहिल्यांदा त्याने आपली चप्पल आपण घातली आणि शेजारच्याचीही शोधून दिली’ यात अर्थ आहे, कारण हे फक्त पाहणाऱ्यालाच सांगता येते. अशी वीस वाक्ये आधी पोचलेली असली की एकविसावे अवघड वाक्य ऐकून घेतले जाते.

चांगली गोष्ट चारचौघांत सांगितली तर चालते. चिंतेची गोष्ट फाटकावर कधीही नाही. ‘आज पुन्हा चावला हो तुमचा’ हे दहा आयांसमोर ऐकलेली आई दुसऱ्या दिवसापासून मुलाला मावशीबरोबर पाठवते आणि दार तिथेच मिटते.

अंगणवाडीत वजन-उंचीच्या दिवशी हेच होते. मूल काट्यावर, आकडा मोठ्याने, आणि ‘कमी भरलं गं’ ही टिप्पणी सगळ्या वाड्यासमोर. आईसाठी तो तिच्या रांधण्याचा, तिच्या पगाराचा, तिच्या आईपणाचा जाहीर निकाल असतो. आकडा वहीत आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये लिहा, बोलायचे ते नंतर बाजूला घेऊन. काटा कोपऱ्यात ठेवला तरी अर्धे काम होते.

व्हॉट्सॲप गटाचे नियम पहिल्या दिवशीच ठरवा. गटावर फक्त सर्वांसाठीच्या सूचना. कोणत्याही मुलाचे नाव घेऊन काही नाही, कौतुकही नाही, कारण उरलेली एकोणीस घरे आपले नाव शोधत बसतात. संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर उत्तर नाही, आणि हा नियम शिक्षिकेनेही पाळायचा.

फोटोंबद्दल मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. शिगमोचा पोशाख, कृष्णाष्टमीचे पेंद्या-बाळकृष्ण, नाताळचा गोठा, सगळे फोटो फेसबुकवर जातात, आणि कोणीही मुलाच्या घरी विचारलेले नसते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीचे तत्त्व घातले आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर तीन वेगळे चौकोन ठेवा: वर्गाच्या भिंतीवर लावायला चालेल, पालकांच्या गटावर चालेल, जाहीर माध्यमांवर चालेल. एकच ‘होय’ घेऊ नका. नकार देणाऱ्याला कारण विचारू नका. एखादी आई कोणापासून लपून राहत असेल, हे आपल्याला माहीत नसते. आंघोळ, कपडे बदलणे, रडणे, शिक्षा झाल्यासारखे कोपऱ्यात उभे असणे, यांचे फोटो संमती असली तरी काढायचे नाहीत.

घरची भाषा

गोव्यातल्या मराठी बालवाडीत मराठी बोलत आलेले मूल विरळाच. बहुतेकांच्या घरी कोकणी. झुआरीनगरला किंवा म्हापशाच्या आसपास कन्नड आणि हिंदी. मुलाने ‘उदक’ म्हटले तर त्याला आधी पाणी द्या. ‘पाणी म्हण, मग देते’ ही क्रूर गोष्ट आहे, दिसायला कितीही साधी असली तरी. तुम्ही पाणी देताना ‘हे घे पाणी’ म्हणालात की तो शब्द त्याला मिळतोच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे.

वर्गातल्या प्रत्येक भाषेतले दहा-पंधरा शब्द पालकांकडून शिकून घ्या: पाणी, भूक, दुखते, आई, शू, भीती वाटते. कन्नड घरातल्या मुलासाठी ‘नीरु’, ‘ऊटा’, ‘नोवु’ एवढे जरी बाईला येत असले तरी पहिला आठवडा सुसह्य होतो. आईला शिकवायला सांगा. जी आई वर्षभर गप्प उभी असते, ती अशा वेळी बोलती होते, कारण पहिल्यांदाच तिच्याकडचे काहीतरी शाळेला हवे असते.

‘घरी मराठीच बोला’ असा सल्ला पालकांना देऊ नका. आईला जी भाषा मनापासून येते, तीच तिने बोलावी. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. आणि नाजूक विषय निघाला की मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका. आठ वर्षांच्या बहिणीच्या तोंडून आईला ‘तुमच्या मुलात काहीतरी कमी आहे’ हे ऐकवणे दोघींवरही अन्याय आहे.

डब्यातला पेच

आता एक खरा पेच. शाकाहारी घरातला मुलगा शेजारच्याच्या डब्यातल्या ऑम्लेट-पावाकडे हात करतो. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी बजावले आहे: अंडे, मासे चालणार नाहीत. मुलाला हवे आहे, मित्र द्यायला तयार आहे, वाटून खायला आपणच शिकवले आहे.

क्रम लावून पाहू. मुलाला इजा? ना खाल्ल्याने, ना न खाल्ल्याने. कायदा? गप्प आहे. मग कुटुंबाची इच्छा, आणि ती कोणालाही दुखवत नाही, म्हणून ती पाळायची. पण कशी, यात सगळे आहे. ‘शी, ते घाण असतं’ म्हटले की ऑम्लेट आणणाऱ्या मुलाचे घर घाण ठरते. ‘देव रागावेल’ हेही नको. ‘तुमच्या घरी हे खात नाहीत, त्याच्या घरी खातात. तुला माझ्याकडचं केळं हवं का?’ एवढे पुरे. संध्याकाळी आईला सांगा, लपवू नका: ‘त्याने मागितलं, मी दिलं नाही, आणि असं बोलले.’ तिने ‘त्याला मासे खाणाऱ्या मुलांपासून लांब बसवा’ म्हटले, तर मात्र नाही म्हणा. तिच्या मुलाच्या पानात काय पडावे हे तिने ठरवावे, दुसऱ्याचे पान कुठे मांडायचे हे तिने ठरवू नये.

पालक नको ते मागतात तेव्हा

‘बाई, दोन फटके द्या, आमची परवानगी आहे.’ ही परवानगी पालक देऊ शकत नाहीत. कायद्याची कलमे वर आलीच आहेत, पण ती सुरुवातीलाच तोंडावर फेकू नका. या वाक्याखाली बहुधा थकवा असतो. विचारा: ‘घरी काय होतं? कधी जास्त होतं?’ आणि तुमच्याकडे काय लागू पडते ते सांगा: खेळ थांबवण्याआधी पाच मिनिटे सूचना, दोनच पर्याय, खाली बसून डोळ्यांत पाहून बोलणे.

‘तीन वर्षांचा झाला, अजून लिहीत नाही’ ही दुसरी नेहमीची मागणी. शेजारच्या इंग्रजी शाळेतला मुलगा एक ते पन्नास लिहितो म्हणून आई घाबरलेली असते. तिच्या भीतीला हसू नका. तिला वर्गात बसवून एक तास दाखवा: कणीक मळणे, मणी ओवणे, वाळूत बोट फिरवणे, कागद फाडून चिकटवणे. बोटांत आणि मनगटात बळ यायला हेच लागते, पेन्सिल त्यानंतर. 2022च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणे हाच मार्ग धरला आहे. पालक खूश व्हावेत म्हणून पाठांतर घेणे, आणि ते चुकीचे आहे हे ठाऊक असून घेणे, ही व्यावसायिक अप्रामाणिकता आहे. हे कठोर वाटेल, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

मुलाच्या वाढीबद्दल चिंता वाटते तेव्हा

वर्षातले सर्वांत जड बोलणे हेच. तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, इतर मुलांकडे पाहत नाही. उशीर केला तर मुलाचे नुकसान, घाई केली तर घराचे.

आधी तीन-चार आठवडे लिहा. मत लिहू नका, दिसले ते लिहा. ‘हट्टी आहे’ हे मत. ‘मंगळवारी मागून पाच वेळा हाक मारली, वळला नाही, पुढे येऊन खांद्याला हात लावला तेव्हा पाहिले’ ही नोंद. अशी नोंद डॉक्टरांच्याही कामी येते, आणि पहिली तपासणी कानांची व्हायला हवी, हेही तिच्यातून दिसते.

मग भेट ठरवा. आईला एकटीला बोलावू नका, घरात सगळे खापर तिच्यावर फुटते. वडील किंवा आजी बरोबर असू द्या. खोलीचे दार बंद, फोन बंद, घाई नाही. बोलणे साधारण असे:

‘तुम्ही आलात, बरं वाटलं. तो घरी कसा असतो, ते मला आधी तुमच्याकडून ऐकायचंय.’

‘घरी मस्ती करतो हो टीचर. बोलत नाही तेवढं, पण याचे वडीलही उशिरानेच बोलले.’

‘हो का? घरी काय हवं असलं तर कसं मागतो?’

‘हाताला धरून नेतो.’

‘इथेही तसंच करतो. पझल तर वर्गात सगळ्यात आधी लावतो. मला एक काळजी वाटते. मागून हाक मारली तर बऱ्याचदा वळत नाही. मी डॉक्टर नाही, कारण मला सांगता येणार नाही. पण एकदा कान तपासून घ्यावेत, असं मला वाटतं.’

‘म्हणजे काही मोठं आहे का?’

‘ते मला ठाऊक नाही, आणि अंदाजाने काही बोलणं बरं नव्हे. तपासलं की कळेल. कुठे जायचं ते मी लिहून देते. हवं असेल तर मीही येते.’

स्वमग्नता, मतिमंदत्व, एडीएचडी, असले एकही नाव शिक्षिकेने उच्चारू नये. तो आपला अधिकार नाही. ‘काही नाही, होईल ठीक’ असेही म्हणू नये. तो धीर खोटा असतो.

रस्ता मात्र स्पष्ट दाखवा. 2013पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांत येऊन जन्मजात दोष, कमतरतांमुळे होणारे आजार, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब यांची तपासणी करतात. पथक येण्याची वाट न पाहता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठता येते. पालकांना तुमच्या नोंदींची प्रत द्या.

आणि ते गेले नाहीत तर? बहुतेक जण लगेच जात नाहीत. रागावू नका. मुलासाठी वर्गात जे करता येते ते सुरू करा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा. त्यांचा होकार येईपर्यंत दुसऱ्या कोणाशीही या मुलाबद्दल बोलू नका. ‘तपासून आणा, मगच वर्गात घेऊ’ ही धमकी तर कधीच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यायचे आहे.

मुलावर अत्याचाराची शंका आली तर

इथे पेच नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे, लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळते किंवा घडण्याची शक्यता वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचेच आहे. कळवले नाही तर कलम 21नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडपले तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आपल्याला पुरावा गोळा करायचा नाही, खातरजमा करायची नाही, आधी मुख्याध्यापिकेची परवानगी मिळवायची नाही.

मूल काही बोलले तर शांतपणे ऐका. ‘कोणी? कुठे? किती वेळा?’ असे खोदू नका, शब्द सुचवू नका. ‘मला सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढेच बोला. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत, तारीख-वेळ घालून लगेच लिहा. ज्याच्यावर संशय आहे त्याला, किंवा त्याच्या घरात राहणाऱ्याला, आधी कळवून सावध करू नका. 1098 वर बालकांसाठीची मदत मिळते, 112 तर आहेच. मारहाण, उपासमार, दुर्लक्ष अशा बाबतीत आपल्या जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे.

संशय आपल्याच सहकाऱ्यावर असेल तेव्हाही हेच, तसूभरही कमी नाही. शाळेचे नाव हा विचार त्या क्रमात शेवटी आहे.

लहान गावात

सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या वाड्यावर शिक्षिका ही कोणाची तरी मावशी, कोणाची भावजय असते. कदंब बसमध्ये, बाजारात, पालखीच्या वेळी कोणीतरी विचारतेच: ‘त्या अमक्याचा पोरगा बोलत नाही म्हणे?’ उत्तर पाठ करून ठेवा: ‘वर्गातलं मी बाहेर बोलत नाही ग, त्याच्या आईलाच विचार.’ सुरुवातीला लोक शिष्ट म्हणतात. वर्षभरात तेच लोक आपले गुपित विश्वासाने सांगतात. मदतनीसालाही हे शिकवा. तिच्याइतके घराघरातले कोणाला ठाऊक नसते.

चवथीच्या करंज्या, परसातली केळी घ्या आणि सगळ्या मुलांत वाटा. साडी, पाकीट, सोन्याची वस्तू परत करा, गोड बोलून. पालकांकडून उसने पैसे घेऊ नका. आपल्याच वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी नको.

पालकसभेची वेळ गावाच्या पोटापाण्यावर ठरवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरवरचे बाप घरी असतात. किनाऱ्यावरच्या गावात मोठी सभा तेव्हाच घ्या. हॉटेलवाल्यांनाही पावसात सवड असते. मार्च ते मे काजूच्या हंगामात माणसे डोंगरावर असतात, तेव्हा सभा बोलावून ‘पालकांना काही पडलेलीच नाही’ म्हणणे योग्य नाही. ख्रिस्ती घरे असतील तर रविवारची सकाळ टाळा.

तक्रार आली तर पूर्ण ऐकून घ्या, मग लिहून घ्या आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. उत्तराची तारीख द्या. तक्रार करणाऱ्याच्या मुलाशी दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज तसूभरही बदलता कामा नये. मुलाला तो फरक सगळ्यांत आधी कळतो.

वर्ष संपताना

पहिलीच्या शाळेकडे काय जाणार, ते पालकांसमोर बसून ठरवा. मुलाला काय येते, काय आवडते, कशाने शांत होते, औषध-ॲलर्जी, हे जाऊ द्या. घरातली भांडणे, तुम्हाला खासगीत सांगितलेल्या गोष्टी, तुमच्या शंका जाणार नाहीत. वैद्यकीय कागद पालकांच्याच हाती द्या. पुढे दाखवायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. मुलाची चित्रे घरी पाठवा. फोनमधले मुलांचे फोटो पुसून टाका.

जी कुटुंबे मध्येच जातात त्यांचे काय? बांधकाम संपले की मजूर कुटुंब एका रात्रीत कर्नाटकात किंवा ओडिशात परतते. त्यांच्यासाठी प्रवेशाच्या वेळीच एक पुठ्ठ्याचे कार्ड करा आणि ते आईकडे ठेवा: मुलाचे नाव, जन्मतारीख, झालेल्या लसी, वजन, घरची भाषा, त्याला येणाऱ्या चार गोष्टी आणि बालवाडीचा फोन क्रमांक. दर दोन महिन्यांनी त्यावर नवी ओळ लिहा आणि तारीख घाला. पुढच्या गावातल्या सेविकेने फोन केलाच, तर आधी आईला विचारून घ्या, मग सांगा.